आपुलकी, एक किलो

दुकान उघडायच्या आधी पाऊण तास
मी पिवळ्या चिठ्ठ्या खोचते.
घणसोली, सेक्टर सात. शटर अर्धं वर,
खालून नुसते पाय दिसतात:
शाळेचे पांढरे मोजे, एक कुत्रा,
रात्रपाळी संपवून रबाळ्याहून परतणारे बूट.

आपुलकी हा आमच्या शेठचाच ब्रँड.
आपुलकी तूरडाळ, आपुलकी पोहे,
आपुलकी फिनेल.
डाळीच्या पाकिटावर छापलंय दोनशे दहा.
चिठ्ठीवर तेच दोनशे दहा, त्यावर आडवी रेघ,
आणि खाली जाड ठशात
एकशे एकोणपन्नास.

दोन वर्षं झाली मला इथे.
दोनशे दहाला गेलेलं एकही पाकीट मी पाहिलेलं नाही.
दिवाळीत नाही, गटारीच्या आदल्या दिवशीही नाही.
मध्ये डाळ कडाडली, तेव्हा दोनशे साठ छापून आले
आणि रेघ त्यांच्यावर सरकली.
तो आकडा आम्ही पाळलाय
फक्त खोडण्यासाठी.

मागच्या खोलीत वाशी मार्केटहून गोणी येते.
त्याच गोणीतून पाकिटं भरतात, त्याच गोणीतून सुट्या डाळीचा डबा.
सुटी एकशे बेचाळीस.
तिची चिठ्ठी पांढरी, साधी.
तिच्याकडे कुणी वळत नाही,
तिचं काही कमी केलेलं नाही ना.

गेल्या मंगळवारी हसुराम घरत आले, गावठाणातले,
बिल दोन बोटांत धरून, ओलं असल्यासारखं.
बिलाच्या तळाशी असतं: आज आपण वाचवले चारशे बारा रुपये.
काउंटरवरच्या पोराला म्हणाले,
"ते चारशे बारा दे."

पोरगा हसला. मग त्याने बिल पुन्हा वाचलं.
"तसे नसतात ते, बाबा."
"मंग कसं असतान? तुज्याकरं नाय, माज्याकरं नाय,
मंग हायेत कोनाकरं?"

मॅनेजर आले. पाकिटावर बोट ठेवून
दोनशे दहा दाखवले, वजाबाकी समजावली.
म्हाताऱ्याने सगळी ऐकून घेतली
आणि माझ्या बिल्ल्यावरचं नाव अक्षर-अक्षर लावत विचारलं,
"सुलक्षणा, ह्यो भाव कवा व्हता?
वार सांग. तारीख सांग."

मी चिठ्ठ्या सरळ करत राहिले.
त्या सरळच होत्या.

मग ते कुणाला असं नाही, डाळीलाच बोलल्यासारखं बोलले,
"माजी चांगुना जिताऱ्याचा भाव सांगाची हजार,
देयाची सहाशेला.
खोटंच व्हतं त्ये पन.
पन गिऱ्हाइकाच्या डोल्यान बगून सांगाची.
गिऱ्हाईक पन खोटं बोलाचा, पलीकरं चारशेला हाय.
दोगं हसाची. मंग मासा जायाचा.
हितं मी कोनाशी खोटं बोलू?
या कागदाशी?"

पाकीट मात्र घेऊन गेले.
घरी डाळ संपली असणार.

रविवारी मी गावठाणात मासळी आणायला गेले.
बाईने बोंबलाच्या वाट्यावर पाणी शिंपडलं,
म्हणाली, दोनशे.
मी दोनशे काढून दिले.
ती थांबली. नोटा तिच्या हातात तशाच,
आणि चेहऱ्यावर जरा रागच,
जणू मी तिच्या घरात येऊन
पाण्यालाही न विचारता उठले होते.
"काय तरी बोल ना ग!"

मला बोलणं सुचेना.
पूर्वी मी किती भांडायचे,
टोपली सोडून चार पावलं पुढे जायचे,
मागून हाक येणार हे पाठीला ठाऊक असायचं.

तिने वाट बघितली, मग एक सुस्कारा सोडला
आणि माझ्या वाटचं खोटंही तीच बोलली:
"पलीकरं दीडशेला हाय म्हनतेस? बरं बाय,
ने दीडशेला,"
आणि पन्नासाची नोट
माझ्या तळहातावर ठेवली, ओली.