हिरवी पूड

आगशीला वांगी लावतात ती भात काढून झाल्यावर,
झुवारीवरचा वारा कोरडा होतो त्या दिवसांत.
माझं काम साधं होतं: पहाटे चाळीस फुलांना
चिमटीने हिरवी पूड लावायची, परागाइतकी बारीक,
आणि रात्री जांभळ्या उजेडाची विजेरी घेऊन
ती कुठे कुठे गेली ते मोजायचं.

आवेलिना मेरेवर बसून बघायची.
"सरकार ह्या कामाक पयशे दिता?"
देतं, म्हटलं. थोडे. उशिरा.
मग तीही उठली, फांदी धरायला.

वांग्याचं फूल मान खाली घालून असतं.
मध्ये पाच पिवळ्या नळ्या, अंगाला अंग लावून,
टोकाला सुईच्या नेढ्याएवढी भोकं, बाकी सगळं बंद.
मध नाही. टेकायला ओटा नाही.
सातेरी येते, घिरटी घालते,
पाकळीवर सांडलेलं असेल तेवढं उचलून निघते.
देवीचं नाव लावूनही तिला हे दार उघडत नाही.

उघडते ती निळ्या पट्ट्यांची, एकटी राहणारी.
उलटी लटकते, नळ्या जबड्यात धरते,
पंख आहेत तिथेच ठेवून
नुसतं अंग थरथरवते.
तो स्वर ऐकून आवेलिना म्हणाली,
कपेलात व्हायोलिन लावताना काझिमिर असाच...
आणि पुढचं वाक्य तिने गिळलं.
फूल मात्र तो स्वर ओळखतं.
गिरणीतून पीठ यावं तसं झरतं तिच्या पोटावर.

मग ती मेरेवरच्या गवताला लोंबकळून
अंग विंचरत बसते. कंजूष बाई.
एकेक कण मागच्या पायांवर, पिल्लांच्या वाटणीचा.
पण पोटाच्या मधोमध एक रेघ आहे,
तिथे तिचा कुठलाच पाय पोचत नाही.
पुढच्या फुलाला मिळतं ते तेवढंच:
विंचरायचं राहून गेलेलं.

त्यातही ज्या फुलाची कुक्षी नळ्यांच्या पुढे डोकावते
तिलाच ती रेघ घासते.
आखूड कुक्षीची फुलं देतात, घेत नाहीत,
आणि दोन-चार दिवसांत गळून पडतात.
आवेलिना त्यांना "सोयरे" म्हणते:
आले, बसले, गेले.

रात्री विजेरी लावली.
पहिल्याच फुलावर चांदणं सांडल्यासारखे दोनशे अकरा कण.
पुढच्यावर नव्वद. मग सदतीस, मग एकदम एकोणसाठ
(ते का, अजून कळलेलं नाही),
विसाव्या फुलाशी पाच,
आणि नंतर कितीतरी वेळ नुसती काळी पानं,
नदीपलीकडे एक कुत्रं, माझी दुखणारी पाठ.

मेरेच्या पलीकडचं शेत काझिमिरचं.
अकरा वर्षं कोर्टात आहे मधली दोन हात माती.
"हांगचें थंय वचना," तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
इकडचं तिकडे जात नाही.
मी मेर ओलांडली.
त्याच्या चौथ्या ओळीत, एका लांब कुक्षीवर,
हिरवे कण. तीन.
पुन्हा मोजले. तीन.

परतताना विजेरी बंद करायची राहिली होती.
त्याच्या विहिरीकडच्या फाटकाची कडी
अंधारात अचानक उजळली:
एक अंगठा, दोन बोटं,
हिरवी, ठळक, आजची.

माझ्या वहीत फुलांसाठी रकाने होते,
माश्यांसाठी होते, वाऱ्याच्या दिशेसाठीही.
मी तीन लिहिलं आणि वही मिटली.

सकाळी तिने टोपलीभर वांगी पुढे केली,
काटेरी देठांची, दंवाने ओली.
"मग? गेली पूड पलतडीं?"
गेली, म्हटलं. तीन कण.
"म्हूस," ती म्हणाली. माशी.
आणि धुतलेले हात
पुन्हा एकदा फ्रॉकाला पुसले.