दाब

कडोलीचा गड्डा, सव्वा किलोचा.
तिकडचा लांबोडा कोबी इथं मिळत नाही,
म्हणून याचेच चार भाग करून
खडेमिठात घातले, कामावर जायच्या आधी.
संध्याकाळी पानं अशी नरम पडलेली
की रुमालासारखी घडी घालावी.

शेवंता म्हणाली, मिरची कुठली?
म्हटलं, ब्याडगी, रंगाला. संकेश्वरी चिमूटभरच,
ते लोक इतकं तिखट खात नाहीत.
कोण लोक? ती हसली.
जेवणार तर आपण दोघंच.

तांदळाची पेज, लसूण, आलं,
मुळ्याच्या काड्या, कांद्याची पात,
आणि शनिवारच्या बाजारातला मूठभर जवळा, वाटून.
जवळ्याच्या वासानं निंगव्वानं नाकाला पदर लावला,
पण गेली नाही. दारातच उभी.
"काय करूलालासा हो?"

भाजी पाण्याखाली बुडूनच राहायला हवी,
वर आली की बुरशी.
दगड बसेना बरणीत,
म्हणून उद्यमबागेत, जेवणाच्या सुट्टीत,
स्टेनलेसचा एक तुकडा लेथवर चढवला,
फेस मारला, कडा मोडल्या,
बरणीच्या तोंडाहून दोन मिलिमीटर कमी.
सुपरवायझर म्हणाला, कुठल्या जॉबचं ड्रॉइंग हे?
म्हटलं, घरचं.

चांगवॉनला तीन महिने होतो, मशीन शिकायला.
कँटीनमध्ये एक बाई, साठीच्या पुढची,
न मागता दुसऱ्यांदा वाढायची.
आमच्या दोघांत शब्द एकच,
तोही भाजीचा.
नाव विचारायचं राहून गेलं.
निघताना मी वाकलो, तीही वाकली,
आधी सरळ कोण होणार, ठरेना.

तिसऱ्या दिवशी झाकण सैल केलं.
बरणीनं सुस्कारा टाकला,
कडेकडेनं बुडबुडे,
आणि वास पार गल्लीच्या वळणापर्यंत.
निंगव्वा म्हणाली, हुळी बंतू.
शेवंता म्हणाली, आंबलं की.
तिसरा शब्द माझ्या तोंडात होता,
मी घासच घेतला.

ती चव नव्हती.
मीठ जास्त, नाहीतर इथली थंडी कमी,
की ताट पुढं करणारा हात दुसरा.
तरी भाकरी संपली. दुसरी घेतली.

निंगव्वानं विचारलं,
जवळा न घालता होईल का हो?
होईल म्हटलं,
आणि व्हर्निअर घेऊन तिच्या स्वयंपाकघरात गेलो.
तिच्या बरणीचं तोंड
चौऱ्याऐंशी मिलिमीटर.