घट

जेटीवरचा काटा त्याला मोजतच नाही,
शून्य दाखवतो. त्याला सवय बांगड्यांच्या टोपल्यांची.
म्हणून दिवेलागणीला रुमालात गुंडाळून
गिनीपिगचं पिल्लू मी सोनाराकडे नेते.
काल एकसष्ट ग्रॅम. आज साठ.

डोळे उघडे ठेवूनच जन्मलं हे,
केस, दात, सगळी तयारी करून.
फक्त आईपाशी भावंडांनी
जागा नाही ठेवली.

रात्री दर दोन तासांनी सिरिंजमधून
एक थेंब. मग थांब, गिळू दे.
खाली हर्णैच्या बंदरात कोणीतरी
बर्फ फोडत असतं.

"घट किती धरू?" कारेकर चष्म्यावरून विचारतात,
सवयीनं,
आणि स्वतःच ओशाळतात.

थांबा, मी म्हणते, ते हलतंय.
एकसष्ट. साठ.
एकसष्ट.