नापतौल

कचरागाडीचं गाणं सुदामानगरात शिरायच्या आत
लोकेश येतो, रक्त न्यायला.
बारा तास उपाशी ना, काका?
हो म्हटलं.
रात्री एक वाजता स्वप्नात सराफ्यात होतो
आणि गराडू गरम होते,
ते सांगितलं नाही.

अठ्ठावीस वर्षं नापतौल खात्यात गेली.
सियागंजातल्या पारड्यांखाली चिकटवलेले
चिंचेचे गोळे मी नखानं खरवडलेत.
पोटातलं शिसं काढलेलं किलोचं वजन
नुसतं तळव्यावर घेऊन ओळखलंय.
व्यापारी चहा पुढे करायचे, मी पावतीपुस्तक.

साखर तर मी आवरलीच होती.
तीन महिन्यांची सरासरी सहा पूर्णांक आठ,
चारचौघांत दाखवावी अशी;
दाखवतही होतो.
डॉक्टर नाहटांनी तो कागद पालथा ठेवला
आणि दुसरा ओढला.
वाईट चरबी एकशे बेचाळीस.
तुम्हाला सत्तरच्या खाली हवी.

शेजारच्या चोरडियांना शंभर चालते, मी म्हणालो.
त्यांना साखर नाही, ते म्हणाले.

एकाच बाजारात दोन मापं.
ज्याच्यासाठी जन्मभर दंड केला, तेच.

दिगू गेला तेव्हा त्याच्या छातीत
कळ आलीच नव्हती.
छप्पनच्या बाकावर बसला, कपाळ पुसलं,
कचोरी बाधली रे, म्हणाला,
आणि मला सोडा आणायला पाठवलं.
मी सुट्ट्या पैशांसाठी थांबलो होतो.
साखरेनं म्हणे नसा बहिऱ्या होतात.
खाली काळीज दार बडवतं
आणि वरच्या मजल्यावर माणूस
शेव आणखी टाक म्हणत असतो.

रात्रीची गोळी मी मार्चपासून बंद केली होती.
कुठे काही दुखत नव्हतं.
हे आज नाहटांना सांगितलं,
शरयूसमोर.
ती पर्सची चेन
उघडत होती, लावत होती.

आता पोह्यांवर शेव नाही.
जिरावण आहे. त्याबद्दल मी डॉक्टरांना
विचारलेलंच नाही.
संध्याकाळी अन्नपूर्णा रोडनं अर्धा तास चालतो,
जिलबीच्या कढईकडे बघत नाही,
म्हणजे एकदाच बघतो.

आणि शरयूनं माळ्यावरून
एक पितळी माप काढलंय, पन्नास मिलीचं.
महिन्याचं तेल दोघांना अशी वीस मापं,
फोडणीला हात आखडून ओतते,
मी बघतोय असं वाटलं की आणखीच आखडून.
काल घासताना बुडाशी शिक्का दिसला:
एक्क्याण्णव सालचा, माझ्याच हातचा,
मुदत केव्हाच संपलेली.

फेरतपासणी करा साहेब, ती म्हणाली.

मी माप उन्हात धरून
काठ बघत राहिलो, कुठे चेपलाय का.
तीन महिन्यांनी लोकेश परत येईल.
गोळी आठवणीनं उशाशी ठेवली आहे,
चष्म्याच्या आत,
म्हणजे ती उचलल्याशिवाय
काही वाचता येणार नाही.