हातोडा

आल्प्समधली ही घळ इतकी अरुंद
की आभाळ लुगड्याच्या काठाएवढंच उरतं.
कड्याला टांगलेली फळी, दोन वीत रुंद,
आणि तिला खेटून लाकडी पन्हळीतून
हिमनदीचं पाणी, ताकासारखं पांढुरकं.

थिओडूल पुढे. वय विचारलं तर म्हणतो,
"गुडघ्यांचं की माझं?"
मधेच वाकून पन्हळीत अडकलेली काटकी काढतो,
खिशात घालतो. चुलीला होते म्हणे.

वळणावर एक छोटं पाणचक्र,
त्याला बांधलेला हातोडा:
ठक्. ठक्. रात्रंदिवस.
पाणी वाहतंय, एवढंच खाली गावाला सांगायला.

"झोप मोडत नाही याच्या आवाजानं?"
"थांबला की मोडते.
दरड आली त्या रात्री
सगळं गाव एकदम उठून बसलं,
माझी बहिरी आत्यासुद्धा.
तिला कसं कळलं, देव जाणे."

परतताना मी मागे पडले.
नदी कुठेतरी खोल, दिसत नव्हती.
पाय फळीवर, हात साखळीवर,
कान मात्र वळणापाशीच राहिलेले.

रात्री गोठ्यावरच्या माळ्यात, गवताच्या वासात,
ठोके मोजत पडले.
एकशे बारापर्यंत आठवतं.