मिठाचा रकाना

बाराव्या महिन्याची भेट.
सकाळचे सव्वासहा, गोल्फ क्लबच्या मागची गल्ली,
थंडी अशी की पेनातली शाईसुद्धा बाहेर यायला कुरकुरते.
मथुराबाई खैरनार, वय बासष्ट,
रक्तदाब अकरा वर्षं, साखर सहा,
माझ्या यादीत सहभागी क्रमांक सत्तेचाळीस,
पातेल्यापाशी उभ्या.
म्हणतात, विचार, पण मधे मधे. कट उकळतोय.

गेल्या सात दिवसांत किती दिवस
तुम्ही मीठ कमी खाल्लं?

त्या डावा तळहात उघडून बघतात.
एकतीस वर्षं रोज पहाटे
तिथं रश्श्याचा एक थेंब पडला आणि जिभेवर गेला.
नवरा सिव्हिलला होता त्या पंधरवड्यातही.
पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या,
याला खाणं म्हणायचं का काम, ते तू ठरव.
माझ्या फॉर्मवर शून्य ते सात होते.
काम नव्हतं.

सहाव्या महिन्यात त्या 'स्वयंक्षमता' या शब्दापाशी अडल्या.
हे काय असतं गं?
म्हटलं, आपल्याला जमेल असं आपल्यालाच वाटणं.
मग तसं लिहायचं ना.
दहापैकी चार गुण दिले स्वतःला,
मी आकडा लिहीपर्यंत एक परत घेतला.
डॉक्टर म्हणतो, सोड.
लोक खाल्ल्या मिठाला जागतात, बाई,
मी विकलेल्या मिठाला जागते.

साडेसातला मैदानावरचे चालणारे येऊ लागतात,
कानटोप्या, मनगटावर मोजलेली सहा हजार पावलं.
कोपऱ्यात क्रमांक बावीस आणि क्रमांक एकसष्ट.
मला बघताच तर्रीची वाटी पेपराआड जाते.
मीही तिकडे पाहिलं नाही.
आमच्या शास्त्रात याला एक लांबलचक नाव आहे,
त्या वेळी मला फक्त ठसका ऐकू आला.

तर, काय बदललं?

भाद्रपदात चक्कर आली, हात कढईला टेकला.
तोच हात. तीच जागा.
पाच आठवडे पट्टी.
ताटल्या विसळणारी जिजा, सतरा वर्षांची,
तिला म्हटलं, घे थेंब, सांग.
घरी तशीही भूक नव्हती, अळणी भाकरी गिळायचे.
पट्टी निघाली त्या पहाटे
कातडीवर नवा, गुलाबी डाग होता.
त्यावर थेंब घेतला
आणि थुंकले.
खारट, बाई. समुद्र.
जिजा म्हणाली, रोजच्यासारखाच तर आहे.
गिऱ्हाइकं म्हणाली, झकास.

मी पट्टा बांधून दाब बघते.
एकशे बत्तीस.
चांगला आहे, म्हणते.
असेल चांगला.
पण मला माझाच रस्सा कळत नाही आता.

माझ्या पत्रकात हेच लिहिलं होतं,
काही आठवड्यांत जिभेला कमी मिठाची सवय होते,
आणि शेजारी हसऱ्या टोमॅटोचं चित्र.
सवय मोडल्यावर जे रिकामं होतं
त्याचं चित्र नव्हतं.

सात, मी लिहिते. सातपैकी सात.
प्रश्न एकोणीस: या बदलाबद्दल तुम्ही कितपत समाधानी आहात?
त्या उत्तर देत नाहीत.
जिजा पळी उचलते, थेंब घेते,
आणि मथुराबाई सगळं सोडून
तिच्या तोंडाकडे बघत राहतात.
उजवी भुवई जराशी वर.
चिमूटभर अजून, मथुराबाई म्हणतात,
जिजाने काही सांगायच्या आधी.

प्रश्न एकोणीस मी कोरा ठेवला.
समासात पेन्सिलीनं लिहिलं: भुवई.
सर विचारतील,
हा कोणता कोड.