अंदमानची भिशी

सात वर्षं भरलेली अंदमानची भिशी
चावदसच्या गुडघ्यात गेली.
कुणी काही बोललं नाही.

फाल्गुनात हतनूरचं पाणी ओसरलं,
चांगदेवच्या पुढं, पूर्णा तापीत शिरते तिथं
बेटं वर आली, नुसत्या पाठी, म्हशींसारखी.
होडी झावरू भोईची. शीड
केळीच्या घडांवरच्या निळ्या पिशव्यांचं,
निंबाच्या बायकोनं मशीनवर जोडून दिलेलं.

वारा भरला तसं ते फाडकन वाजलं
आणि आम्ही साठीतले चार गडी
सुट्टीची घंटा झाल्यासारखे ओरडलो.

मग वारा पडला. ऐन मधोमध.
सुपडूनं भरिताचा डबा उघडला,
कळण्याच्या भाकरी मांडीवरच वाटल्या.
चक्रवाकांनी पाहिलं, न पाहिल्यासारखं.
‘तिकडं पाणी निळं असतं म्हणे,’ निंबा बोलला.
झावरूनं शिडाकडं हनुवटी केली,
‘हे काय कमी निळं हाये?’

चावदस जेवला नाही.
टोकाला बसून एकटाच वल्हं मारत राहिला,
हप्ते फेडतोय जणू.
बेट लागलं तसा तोच आधी उतरला,
पोटरीभर गाळात.
आम्ही होडीतून माना काढून बघत होतो
सगळ्यांचे पैसे
नीट वाकतात का.